नाना पाटकऱ्यांनी मागे घेतलेली सही

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. अक्का, भाऊकाका, गावातली सगळी मोठी माणसं, धुळ्याहून आणि दोंडाईच्याहून आलेले पाहुणे.

मला उभं राहून बोलायची सवय नाही. जळगावला मी वर्गात शिकवते, पण तिथे समोर मुलं असतात आणि हातात खडू असतो. इथे समोर तुम्ही आहात. मी हे कागदावर लिहून आणलंय. 

पहिल्यांदा एक चूक दुरुस्त करायची आहे.

नाना गेले त्या दिवशी मी गावाच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या होत्या. त्याच ओळी दहाव्याला घाटावर वाचून दाखवल्या गेल्या. त्यात मी लिहिलं होतं, 'नदीकाठच्या खडीच्या खाणीला नानांनी पहिल्या दिवसापासून विरोध केला.' अनेकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. एकानेही मला टोकलं नाही.

ते खरं नाही. नानांनी पहिल्या दिवसापासून विरोध केला नाही. पहिल्या दिवशी नानांनी खाणीच्या ना-हरकत पत्रावर सही केली होती. तुमच्यातल्या बहुतेकांना हे माहीत आहे. मलाही माहीत होतं. तरी मी तसं लिहिलं, कारण गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं असं मला वाटलं. काल रात्रभर मला ते टोचत राहिलं. सकाळी मी भाऊकाकांना विचारलं, 'काका, सभेत खरं सांगू का? तुमच्या वडिलांचं नाव आहे.' काका गोठ्यात होते. मान वर न करता म्हणाले, 'सांग. बापले खोटं चालत नही व्हतं. आते तो नही म्हनीसन चालीन का?'

म्हणून सांगते.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी आधी आपल्या फडाविषयी बोलते. आपल्या गावात पांझरा नदीवर जुना दगडी बंधारा आहे. त्या बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाचं पाणी फडात जातं. फड म्हणजे एका पाटाखाली येणारी सगळ्यांची शेतं. फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकाने ऊस आणि शेजाऱ्याने गहू, असं चालत नाही. आणि आपल्या शेतात पाणी आपण फिरवायचं नाही. ते पाटकरी फिरवतो. कोणाचं शेत भिजलं, कोणाचं राहिलं, उद्या कोणाची पाळी, हे पाटकऱ्याने ठरवायचं. सरपंचाचं शेत असो की विधवेचं, पाणी देताना शेतमालकाने बांधावर यायचंसुद्धा नाही. नाना आपल्या फडाचे पाटकरी होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते.

मला लिहायला शिकवलं ते नानांनी. मी शाळेत जायला फार घाबरायचे. दारात बसून रडायचे, उलट्या करायचे. दोन वर्षं घरच्यांनी मला शाळेत पाठवलंच नाही. शेजारी नाना-अक्कांचं घर. अक्कांनी मुळाक्षरं शिकवली, आणि बाकीचं नानांनी पाटावर. माझं पहिलं वाक्य 'कमल नमन कर' नव्हतं. माझं पहिलं वाक्य होतं, 'आज धोंडू आबाचे शेत भिजले.' रोज संध्याकाळी नाना सांगायचे आणि मी पाटीवर लिहायचे.

एक दिवस नाना सांगायच्या आधीच मी लिहून ठेवलं. पाळी कोणाची हे मला माहीत होतं. नानांनी पाटी वाचली.  माझा हात धरून त्या शेतापर्यंत चालत नेलं आणि म्हणाले, 'पाय ठेव.' मी पाय ठेवला.

'वल्लं शे का?'

'नही.'

'मंग काबर लिखं?'

पाट मध्येच फुटला होता. पाणी त्या शेतापर्यंत पोहोचलंच नव्हतं. मी म्हटलं, 'रोज पोचतं म्हणून लिहिलं.' नाना म्हणाले, 'पोरी, जे देखं ते लिख. जे नही देखं, ते नही देखं अशे लिख.'

हे मला सहाव्या वर्षी कळलं होतं. सव्विसाव्या वर्षी मी ते विसरले. आज मला मुख्यतः तेच सांगायचं आहे.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला नदीत आणि काठावर गोट्यांची मोठी पट्टी आहे. ती खणून खडी करायची, असा प्रस्ताव आला. खाणवाल्यांची माणसं आली ती नानांकडेच आली. त्यांच्या कागदाच्या पहिल्या पानावर 'बंधाऱ्याची डागडुजी व रस्ता' असं होतं. नानांनी सही केली. आपल्याकडे पाटकऱ्याची सही म्हणजे फडाची सही. पाट साफ करायचा असो, दगड आणायचे असोत, तेच सही करत आले. कुणी कधी विचारलं नाही, तुम्ही वाचलं का? शेवटच्या पानावर नकाशा होता आणि नकाशात खाण होती. नानांचं ते पान उलटायचं राहिलं.

गावाला कळलं तेव्हा पारावर काय काय बोललं गेलं, ते तुम्हाला आठवत असेल. बोलणारे आज इथेच बसले आहेत, आणि ते नानांवर प्रेम करणारेच आहेत. 'पाटकरी पाणी सोडतो म्हणे. आमच्या पाटकऱ्यानं नदीच सोडली!' असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, 'नाना, चष्मा बदला. नाहीतर पुढच्या वेळी गावच लिहून द्याल.' नाना हसायचे. पण त्या दिवसांत ते पारावरून जायचं टाळून मागच्या बोळातून घरी येऊ लागले होते. ते अक्कांनी मला नंतर सांगितलं.

मी सुट्टीला आले आणि उत्साहाने कामाला लागले. हरकती नोंदवायची मुदत जवळ आली होती. मी दोन दिवस बसून एक मोठी हरकत लिहिली. जलभृत, भूजल पुनर्भरण, जैवविविधता. शब्द एकापेक्षा एक जड. दोंडाईच्याला जाऊन तिच्या प्रती काढल्या आणि घरोघर सह्या घेतल्या. सगळ्यांनी सह्या दिल्या. कोणी वाचलं नाही, कोणी विचारलं नाही. शिकलेल्या पोरीने लिहिलंय ना, झालं. फडात जसं एक पीक, तशी सगळ्यांची एक हरकत. मला तर त्याचा अभिमान वाटत होता. गाव कसं एका सुरात बोलतंय!

सही फक्त नानांनी दिली नाही.

मी त्यांना ती हरकत वाचून दाखवली. ओट्यावर, अक्कांच्या समोर. एका वाक्याशी त्यांनी हात वर केला. वाक्य असं होतं : 'या बंधाऱ्याखालून आजवर कधीही पाणी झिरपलेले नाही.' नाना म्हणाले, 'पोरी, हाई वाक्य काढ.'

मी म्हटलं, 'का? त्याने मुद्दा भक्कम होतो.'

'तू देखं का?'

'नाना, अर्जात असंच लिहितात.'

'काढ म्हनस ना.'

मी काढलं नाही. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, 'सरळ सांगा ना, तुम्ही भ्यालात. त्या लोकांच्या कागदावर तुमची सही आहे म्हणून आता गावाच्या कागदावर करायला घाबरता.' अक्का, तुम्ही मला म्हणालात, 'तोंड आवर.'  नानांनी फावडं उचललं आणि ते पाटावर गेले. मी त्यांची माफी मागितली नाही. मनात होतं, पण राहिलं. आज तुमच्या सगळ्यांसमोर मागते.

मग सुनावणी झाली. तालुक्याच्या कचेरीत, वरच्या हॉलमध्ये. आपण ट्रॅक्टर भरून गेलो होतो. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी गावाच्या हरकतींचा गठ्ठा उघडला. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं नुसतं चाळलं. मग म्हणाले, 'या सगळ्या मिळून एकच हरकत धरावी लागेल. मजकूर एकच आहे.' हॉलमध्ये कुजबुज झाली. खाणवाल्यांचे वकील हसले. साहेबांनी पुढच्या रांगेतल्या आपल्या विमलअक्कांना विचारलं, 'बाई, जलभृत धोक्यात येईल असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे काय होईल?'

विमलअक्का उभ्या राहिल्या. पदर नीट केला. म्हणाल्या, 'साहेब, ते आमनी पोरीनं लिखेल शे. मी खाले सही करी. पन पोरगी हुशार शे, चुकीचं नही लिखाव.'

सगळा हॉल हसला. विमलअक्कासुद्धा हसल्या. मी तेवढी खुर्चीत खाली सरकत गेले.

तेव्हा मागून नाना उठले. ते आपल्या ट्रॅक्टरमध्ये नव्हते. एसटीने एकटे आले होते. हातात वहीचं एक पान होतं. ते म्हणाले, आणि हे त्यांनी शुद्ध मराठीत म्हटलं, जसं ते फक्त कचेरीत बोलायचे : 'साहेब, ना-हरकत पत्रावर माझी सही आहे. मला वाचता येतं, तरी मी शेवटचं पान वाचलं नाही. चूक माझी आहे. फसवलं असं मी म्हणणार नाही. ती सही मी मागे घेतो.'

वकील म्हणाले, 'आजोबा, सही अशी मागे घेता येत नाही.'

नाना म्हणाले, 'घेता येते की नाही ते साहेब सांगतील. मी घेतली, एवढं लिहून घ्या.'

मग त्यांनी पान वाचलं. त्यात एकही जड शब्द नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी रस्त्याच्या भरावासाठी बंधाऱ्याखालचे गोटे काढून नेले होते. त्या हिवाळ्यात बंधारा भरलेला दिसायचा, पण पाटात पाणी यायचं नाही. नाना शोधत खाली उतरले आणि त्यांचा पाय मांडीपर्यंत आत गेला. बंधाऱ्याच्या बुडाखालून पाणी वाहत होतं. गावाने पोती, पेंढा आणि चिकणमाती भरून ते भोक बुजवलं. तोवर फडाच्या शेवटच्या शेतांचा गहू गेला होता. शेवटी त्यांनी लिहिलं होतं : 'हे मी पाहिले. खाण झाल्यावर काय होईल ते मी पाहिलेले नाही. पण तेव्हा थोडे गोटे काढले होते. आता पुष्कळ काढणार आहेत.'

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. साहेबांनी ते पान मागून घेतलं, आणि विचारलं, 'असं स्वतःचं आणखी कुणाला सांगायचंय का?' आपल्यातले एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा साहेबांनी पुढची सुनावणी ठेवली, आणि ज्याला हरकत द्यायची त्याने आपली आपण लिहून द्यावी, असं सांगितलं. ती सुनावणी म्हणजे हा येता शुक्रवार.

परतताना नाना ट्रॅक्टरमध्ये आमच्याबरोबर बसले. मी शेजारी बसले होते. मला वाटलं, ते त्या वाक्याबद्दल बोलतील. ते म्हणाले, 'भूक लागनी. भजी मियतीन का कोठे?'

त्यानंतरचे दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही. नाना सकाळी पाटावर आणि दुपारी लोकांच्या ओट्यावर. बसायचे, चहा घ्यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, 'तुले काय दिसनं?' उत्तर काहीही असो, ते म्हणायचे, 'मंग तेच लिख.'

धोंडू आबा म्हणाले, 'मी काय देखं? मी मनी म्हैस देखी.'

'म्हैस कोठे बसस?'

'बंधाराखालना डोहमा. दुसरं कोठे?'

'कधीपासून?'

'इना आधीनी म्हैस बी तठेच बसे. तिना आधीनी बी.'

'मंग म्हैसनं लिख.'

धोंडू आबांनी खरंच म्हशीचं लिहिलं. आणि ते वाचून मला कळलं की तीन म्हशींच्या आयुष्यात उन्हाळ्यातही तो डोह आटलेला नाही, हे आपल्या गावात कुणी याआधी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं.

विमलअक्कांनी गोधड्या धुवायच्या दगडांविषयी लिहिलं. पाणी कोणत्या महिन्यात कोणत्या दगडापर्यंत असतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. आम्हाला कुणालाच नव्हतं. पाटलांच्या घरातली नवी सून म्हणाली, 'मी इथे दोनच वर्षं आहे. दोन वर्षांचंच लिहिते.' तिने दोन वर्षांचंच लिहिलं, एक दिवस जास्त नाही. नाना तिचा कागद वाचून इतके खूश झाले की तिच्या सासऱ्यांना म्हणाले, 'इले पाटकरी करा.' सासरे म्हणाले, 'बाई पाटकरी?' नाना म्हणाले, 'काबर? पानी काय इचारस का, कोन सोडी राहयनं?'

पारावर ज्याने नदी सोडल्याचा टोमणा मारला होता, तो एक दिवस स्वतःच नानांकडे आला. म्हणाला, 'नाना, मी लिहिलंय. पण तीन ओळीच झाल्या.' नाना म्हणाले, 'मन्या बी थोड्याच व्हत्या. तू पारवर मोठा बोलस, कागदवर लहान लिख.'

असे कागद अजून येत आहेत. नाना गेले त्या दिवशीसुद्धा एक आला. त्या सकाळी ते पाटावरून आले, अंघोळ केली, ओट्यावर टेकले आणि गेले. कुणाला त्रास दिला नाही. दुपारी आम्ही सगळे अंगणात असताना गल्लीच्या टोकाच्या म्हाताऱ्या काशीबाई आल्या. त्यांनी कमरेचा कागद काढला आणि अक्कांच्या हातात दिला. म्हणाल्या, 'त्यासनी सांगेल व्हतं, आज दे. मी आनी.' अक्कांनी तो घेतला. रडता रडता घेतला, पण घडी घालून नीट ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यात बसले होते. अक्का माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, 'रडनं शे ते रडी ले. पन शुक्रवार नको इसरू.'

आता ज्यासाठी मी उभी राहिले ते सांगते.

मी लिहिलेली ती पहिली हरकत अजून फाइलमध्ये आहे. तिच्यावर गावातल्या जवळपास प्रत्येक घराची सही आहे. तिच्यात लिहिलंय की या बंधाऱ्याखालून कधीही पाणी झिरपलं नाही. आणि नानांच्या पानावर लिहिलंय की झिरपलं, गोटे काढले तेव्हाच झिरपलं, आणि त्यांचा पाय त्यात गेला. शुक्रवारी वकिलांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर? ते म्हणतील, अख्खं गाव म्हणतं झिरपलं नाही, एकटा म्हातारा म्हणतो झिरपलं, कोणाचं खरं धरायचं? आणि नाना आता उठून उत्तर द्यायला येणार नाहीत. त्यांचं एकच पान आहे, आणि ते खोटं पाडायला माझं एक वाक्य पुरेसं आहे.

हे वाक्य मागे घ्यावं, असं मी काही जणांना बोलून दाखवलं. बहुतेकांनी सांगितलं, गप्प बस. त्यांच्या लक्षात आलं नसेल तर आपण होऊन कशाला दाखवायचं? आपल्याच हाताने वकिलाच्या हातात काठी द्यायची का? एक जण म्हणाला, 'तू माघार घेतलीस तर गावाला खोटं पाडल्यासारखं होईल.' ते माझं वाईट व्हावं म्हणून बोलले नाहीत. मीही रात्री अंथरुणात हाच हिशोब करते, आणि रोज मला भीती वाटते.

पण मी विचार केला. गावाने खोटं लिहिलं नाही. गावाने विश्वासाने सही केली. वाक्य माझं होतं. ते मी पाहिलेलं नव्हतं. नानांनी 'काढ' म्हणून सांगितल्यावरही ठेवलं. ते काढायचं कामही माझंच आहे. तुमच्यापैकी कुणावर त्याची जबाबदारी नाही, असं मी वाक्य मागे घेण्याच्या अर्जात स्पष्ट लिहिलं आहे. कोणत्या दिवशी, कुठे बसून, कोणत्या कारणाने ते वाक्य आलं, तेही लिहिलं आहे. हसतील. हसू देत. मागच्या वेळीही हसले होते, आणि त्यानंतरच हॉल शांत झाला होता.

मला भीती वाटते, पण निराशा वाटत नाही. गेल्या महिन्याभरात या गावाने जेवढं लिहिलं, तेवढं आधी कधी लिहिलं असेल असं मला वाटत नाही. कुणाच्या कागदावर म्हैस आहे, कुणाच्या दगड, कुणाच्या दोनच वर्षं. यातलं एकही दुसऱ्यासारखं नाही. हे सगळे कागद एकच आहेत असं यावेळी कुणालाही म्हणता येणार नाही. खाण थांबेल का, मला माहीत नाही. ते मी पाहिलेलं नाही. पण आपण आपल्या तोंडाने बोलायला लागलो, हे मी पाहिलं आहे. ते नानांमुळे झालं.

ज्यांचे कागद अजून घरात आहेत त्यांना विनंती, शुक्रवारची वाट पाहू नका. विमलअक्का गठ्ठा सांभाळत आहेत, त्यांच्याकडे द्या. कमी लिहिलं म्हणून लाजू नका.

नाना, तुम्हाला नमस्कार. अक्का, तुम्हालाही.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभं राहू या. माइक बंद करा. एवढं शांत राहू की पाटाचं पाणी ऐकू येईल. आत्ता ते चालू आहे, भाऊकाकांनी पहाटे सोडलं आहे.

उभं राहण्याआधी शेवटचं. तुम्ही साक्षीला असावं म्हणून दिवस सांगून ठेवते. सुनावणीच्या आदल्या दिवशी, म्हणजे या गुरुवारी सकाळी, कचेरी उघडताना मी अर्ज घ्यायच्या खिडकीपाशी असेन. माझं वाक्य मी गुरुवारी मागे घेणार आहे.